समाचाराला जायचं, समाचार घ्यायचा नाही : आजाऱ्याला भेटण्याची रीत, पायरीपायरीने

आजाऱ्याच्या समाचाराला जातात, आणि चुकलेल्या माणसाचा समाचार घेतात. शब्द एकच. ख्रिस्ती मंडळीतर्फे आजाऱ्यांना भेटायला जाणारे आपण बरेचजण पहिल्या कामाला निघतो आणि दुसरं उरकून घरी येतो. "तपासणी इतकी लांबवलीत कशाला?" "प्रार्थनेत खंड पडला असेल हो." "माझ्या साडूला अगदी हेच झालं होतं, गेला बिचारा." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण खाटेवरच्या माणसाला जागच्या जागी जबाब द्यावा लागतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात. बरं केलंत, समजावलंत, असलं काही तिथे नाही. आलात, इतकंच. हे 'येणं' कसं असावं त्याच्यापुरता हा लेख आहे. माझा अनुभव असा की भेट बिघडते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आल्या आल्या प्रार्थना, मग उपदेश, मग निघायची घाई; ऐकणं राहून जातं आणि विचारणं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या.

## पायरी 1 : आधी विचारा

बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क 10:51). 38 वर्षं दुखण्यात पडलेल्या माणसालाही त्याने आधी विचारलंच, तुला बरं व्हायचंय का? (योहान 5:6). आणि याकोबाच्या पत्रातलं जे वचन आपण नेहमी वापरतो, त्यात दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं असं लिहिलंय (5:14). बोलावणं त्याच्याकडून यायचं आहे. आपण मात्र "इकडून चाललोच होतो, म्हटलं डोकावून जावं" असं म्हणत दारात उभे राहतो, तेव्हा आत कुणीतरी घाईघाईने कपडे सारखे करत असतं.

फोन आजाऱ्याला करण्याआधी त्याला सांभाळणाऱ्याला करा. तीन गोष्टी विचारा: भेटलेलं चालेल का, दिवसातली कोणती वेळ बरी असते, आणि किती वेळ बसलेलं झेपेल. शिवाय नाही म्हणायची वाट तुम्हीच मोकळी करून द्या. फोन उचलणं जमत नसेल तर निरोप असा लिहा:

"उद्या दुपारी चार वाजता मी आणि आणखी एकजण दहा मिनिटं येऊन जाऊ का? नको असेल तर फक्त 'नको' लिहा, कारण द्यायची गरज नाही."

'कारण द्यायची गरज नाही' हे शब्द गाळू नका. आजारपणात माणसाला दिवसभर सगळ्यांना कारणंच द्यावी लागतात.

रुग्णालय असेल तर भेटीची वेळ, एका वेळी किती जणांना सोडतात आणि अतिदक्षता विभागात आत जाता येतं का, हे विचारून घ्या. केमोथेरपी चालू असेल किंवा अवयवरोपण झालं असेल, तर डॉक्टरांनी भेटीवर काही बंधनं घातली आहेत का तेही विचारा.

थांबा, आधी स्वतःला तपासा. सर्दी, खोकला, ताप, जुलाब, अंगावर पुरळ यांतलं काहीही असेल तर जाऊ नका. "थोडंसंच आहे" असंही म्हणू नका. तुमची साधी सर्दी त्याच्या छातीत न्यूमोनिया होऊन बसू शकते. त्या दिवशी फोनवर बोललात तरी ती सेवाच आहे.

नीतिसूत्रांत एक मजेशीर वचन आहे (27:14): पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्याने आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच गणला जाईल. शब्द कितीही चांगले असले तरी वेळ आणि आवाज चुकला की सगळं गेलं. हे वचन मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

## पायरी 2 : कोण जाणार, काय नेणार

दोघांनी जा. येशूनेही शिष्यांना दोघे-दोघे पाठवलं (मार्क 6:7). यामागे सरळ सोय आहे: एकजण आजाऱ्यापाशी बसतो आणि दुसरा सांभाळणाऱ्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात जातो. त्या माणसाला आजाऱ्यासमोर बोलता येत नाही असं बरंच काही साठलेलं असतं. एकट्या बाईला किंवा लहान मुलाला भेटायचं असेल तर दोघांचा नियम अजिबात मोडू नका. दार उघडं ठेवा आणि घरातलं कुणीतरी जवळपास असू द्या. दोनाचे चार झाले की मात्र गर्दी झाली. चौघे आपापसांतच गप्पा मारतात आणि आजारी माणूस त्यांचा श्रोता होऊन बसतो.

पिशवीत फार काही लागत नाही: छोटं बायबल, आणि वाचायचं स्तोत्र मोठ्या अक्षरांत उतरवलेला एक कागद. हा कागद तिथे ठेवून यायचा असतो. औषधांनी डोळे जड झालेल्या माणसाला बायबलची बारीक छपाई वाचवत नाही, पण ठळक अक्षरांतल्या सहा ओळी तो रात्री दोन वाजताही वाचतो.

नेऊ नयेत अशा वस्तू: न विचारता केलेलं खाणं (पथ्य असेल, किंवा शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलं असेल), अतिदक्षता विभागात फुलं, भपकेदार अत्तर, कुणीतरी सुचवलेला काढा, आणि पत्रकांचा गठ्ठा.

वाचन घरूनच ठरवून जा. तिथे जाऊन पानं उलटत बसू नका. स्तोत्र 23 सहा वचनांचं आहे, 121 आठ वचनांचं आणि 130ही आठचंच. एवढं पुरेसं होतं. माणूस संतापलेला किंवा खचलेला असेल तर 13वं घ्या. तेही सहाच वचनांचं आहे आणि त्याची सुरुवातच 'परमेश्वरा, कोठवर?' अशी आहे.

सावध : ईयोबाच्या पुस्तकातून वचन उचलताना बोलणारा कोण ते बघा. 'तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट मोठा होईल' या अर्थाचं वचन (ईयोब 8:7) आशीर्वाद म्हणून हौसेने वाचलं जातं. ते दुःखात पडलेल्या ईयोबाला भेटायला आलेल्या मित्रांपैकी एकाच्या, बिल्ददच्या, तोंडचं आहे. त्याच दमात, तीनच वचनं आधी, त्याने ईयोबाला सुनावलंय की तुझी मुलं त्यांच्या पापामुळे मेली. पुस्तकाच्या शेवटी देव याच मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत म्हणून (42:7). आजाऱ्याच्या उशाशी बिल्ददचं भाषण वाचणं म्हणजे चुकीच्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करणं.

## पायरी 3 : दारात आणि पहिल्या दोन मिनिटांत

1. आत जाण्याआधी हात धुवा, साबणाने, निदान 20 सेकंद. सॅनिटायझर चालतं, पण जुलाबाच्या काही संसर्गांत ते पुरत नाही. तिथे साबण-पाणीच लागतं. बाहेर आल्यावर पुन्हा धुवा.
2. फोन बंद करा. थरथरता ठेवलात तरी लक्ष तिकडे जातंच.
3. दार वाजवा किंवा पडद्याबाहेरून हाक द्या. 'या' ऐकू आल्याशिवाय पडदा सरकवू नका.
4. स्वतःचं नाव सांगा, कितीही जुनी ओळख असली तरी. "ओळखलंत का मला?" हा प्रश्न विचारू नका. गुंगीत असलेल्या माणसाची ती परीक्षा होते, आणि नापास झाला की तो दिवसभर मनाला लावून घेतो.
5. "इथे बसू का?" असं विचारून खुर्ची घ्या. खाटेच्या कडेवर बसू नका. नळ्या, पिशव्या, टाके सगळं तिथेच असतं.
6. बसल्या बसल्या सांगून टाका, "आम्ही दहा मिनिटं आहोत." आजारी माणूस त्याने सैलावतो. पाहुणे कधी उठणार हे कळत नसलं की तो यजमान होतो आणि चेहऱ्यावर हसू धरून ठेवतो.

खुर्ची कुठे ठेवायची हे मला एका काकांनी शिकवलं. मी त्यांच्या पायथ्याशी, खिडकीकडे पाठ करून पंचवीस मिनिटं उभा होतो आणि चांगलं बोललो असं समजत होतो. काका सारखे डोळे बारीक करत होते. मला वाटलं, भरून आलंय. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "मागच्या वेळी तुझं तोंडच दिसलं नाही रे. मागून ऊन होतं आणि मान वर करून करून दुखायला लागली." तेव्हापासून मी उशीच्या बाजूला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसतो आणि उजेड माझ्या तोंडावर पडेल असं बघतो.

परिचारिका किंवा डॉक्टर आले की कुणी सांगायची वाट न बघता बाहेर या. चालू प्रार्थनासुद्धा अर्धी सोडा. इंजेक्शनची वेळ थांबत नाही, देव थांबतो.

## पायरी 4 : ऐका

पहिला प्रश्न एकच: "आज कसं आहे?" यातला 'आज' महत्त्वाचा. नुसतं "कसे आहात?" विचारलं की "बरा आहे" असं ठरलेलं उत्तर येतं. 'आज' म्हटलं की माणूस रात्रीच्या झोपेबद्दल, सकाळच्या उलटीबद्दल, न आलेल्या मुलाच्या फोनबद्दल बोलू लागतो. मग गप्प राहा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, तेवढ्यात तो पुढचं वाक्य बोलतो.

ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण सुरुवात त्यांनी उत्तम केली होती. सात दिवस नि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द काढला नाही (2:13). बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. आपण सातव्या सेकंदाला उघडतो.

जिभेवर येणारी काही वाक्यं आणि ती का आवरायची ते सांगतो.

"विश्वास ठेवा, नक्की बरे व्हाल." बरा झाला नाही, तर आजारासोबत अविश्वासाचा ठपकाही त्याच्याच माथी येतो. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही (2 करिंथ 12). आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेतात आजारी सोडलं (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याला तर पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23). यांपैकी कुणाचा विश्वास कमी पडला, असं पौल म्हणत नाही.

"कुठेतरी काहीतरी चुकलं असेल." जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही पर्याय उडवून लावले (योहान 9:3).

"रडू नका." लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. पौल सांगतो, रडणाऱ्यांबरोबर रडा (रोम 12:15). तुम्हाला रडू येत नसेल तर निदान त्याचं थांबवू नका.

"मला कळतं तुमचं दुःख." तुम्हाला तोच आजार झालेला असला तरी कळत नाही. "सांगा ना, कसं होतं ते," असं म्हणा.

आणि दुसऱ्या रुग्णांच्या कहाण्या, मग त्या बऱ्या झालेल्यांच्या असोत की गेलेल्यांच्या, दाराबाहेर ठेवून या.

"देवाने माझ्याशीच असं का केलं?" हा प्रश्न येतोच. नव्याने सेवा करणारा इथे घाबरून तत्त्वज्ञान सांगू लागतो. विचारणाऱ्याला तेव्हा उत्तर हवंच असतं असं नाही. बऱ्याचदा असं विचारलेलं चालतं का, हे त्याला चाचपायचं असतं. "मलाही माहीत नाही. पण असं विचारणारी स्तोत्रं बायबलात आहेत," एवढं बोला. 88वं स्तोत्र काळोखातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा नाही, आणि तरीही ती प्रार्थना आहे. हे ऐकून माझ्यासमोर एका बाईंनी मोठा श्वास सोडला होता. त्या दिवशी तेवढीच सेवा झाली.

सावध : "आता जगायचं नाही" असं कुणी म्हणालं तर ते वाक्य ओलांडून पुढे जाऊ नका, आणि पाप-पुण्यही काढू नका. शांतपणे सरळ विचारा, "स्वतःला काही करून घ्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच घरच्यांना व डॉक्टरांना सांगा. "कुणाला सांगू नका" असं त्याने म्हटलं तरीही. बाकी सगळ्या बाबतीत गुप्तता पाळायची आहे, इथे नाही.

मधली तपासणी. आतापर्यंत जास्त कोण बोललं? तुम्ही, असं उत्तर असेल तर अजून प्रार्थनेची वेळ झालेली नाही. आणखी एक प्रश्न विचारा आणि थांबा.

## पायरी 5 : प्रार्थना

इथेही परवानगी आधी. "प्रार्थना करू का?" आणि त्याला लागूनच, "कशासाठी करू?" दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं चक्रावून टाकतात. कर्करोगाच्या माणसाने "झोपेसाठी करा" म्हटलं होतं. आम्ही न विचारता सुरुवात केली असती तर गाठीसाठी पाच मिनिटं प्रार्थना झाली असती आणि त्याची झोप तशीच राहिली असती.

तो "नको" म्हणाला तर नको. "तुम्ही घरी करा" म्हणाला तर घरी जाऊन खरंच करा. आजारी माणूस दुसऱ्या धर्माचा असेल तर हा नियम दुप्पट कडक. खाटेला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या या अडलेपणाचा फायदा घेऊन सुवार्ता सांगणं मला तरी फसवणूक वाटते. त्याने आपणहून विचारलं, तर साधं उत्तर द्या.

प्रार्थना कशी असावी:

- दीड-दोन मिनिटांची, बोलण्याच्याच आवाजात. शेजारच्या खाटेवरही कुणीतरी आहे.
- त्याचं नाव घेऊन, आणि त्याने वापरलेल्या शब्दांत. तो 'दुखतंय' म्हणाला असेल तर 'दुखणं'च म्हणा. 'परीक्षा', 'कसोटी' असे शब्द तुमच्याकडून घालू नका.
- हात ठेवायचा तर विचारून, तळहातावर किंवा खांद्यावर. सलाइनचा हात सोडून.
- शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. आठवण गेलेली वृद्ध माणसंही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ऐकल्यावर पुष्कळदा ओठ हलवतात. बेशुद्ध माणसाजवळही त्याला ऐकू येतंय असं धरूनच बोला, आणि त्याच्याविषयी कुजबुजू नका.

नमुना म्हणून एवढं पुरे: "प्रभू, मावशींना काल रात्री झोप आली नाही. त्या थकल्या आहेत आणि उद्याच्या तपासणीची त्यांना भीती वाटते. आज रात्री त्यांना झोप दे. दुखणं कमी कर. त्यांना बरं कर, ही आमची मागणी आहे. डॉक्टरांचे हात सांभाळ. रात्री जाग आली तर तू जवळ आहेस हे त्यांना कळू दे."

बरं करण्याची मागणी यात आहे, बेधडक आहे. बरं झाल्याची घोषणा नाही. हा फरक सांभाळा.

करू नका : प्रार्थनेच्या आडून उपदेश ("प्रभू, यांना नियमित उपासनेला यायची बुद्धी दे"). देवाला निदान वाचून दाखवणं; शेजारच्यांना आजाराचं नाव तिथेच कळतं. आणि "आता गोळ्यांची गरज नाही" असं कुणीही, कधीही म्हणायचं नाही. तुमच्या जोडीदाराने म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा, लाजू नका.

तेलाबद्दल आणि प्रभुभोजनाबद्दल थोडक्यात. कॅथलिक परंपरेत आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त धर्मगुरू करतात. तुमचं काम त्यांना वेळेवर कळवणं. हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच स्पष्ट केलं, तरी "फादरना बोलावलं म्हणजे संपलं" या भीतीने घरचे शुद्ध हरपेपर्यंत थांबतात. माणूस बोलू शकतोय तोवर बोलवा. इतर मंडळ्यांत पाळक आणि वडील याकोबाच्या पत्राप्रमाणे तेल लावतात. तिथल्या शिस्तीने जा, घरून बाटली घेऊन निघू नका. आणि प्रभुभोजन देण्याआधी परिचारिकेला विचारलंच पाहिजे की यांना गिळता येतं का. पक्षाघातानंतर भाकरीचा लहानसा तुकडाही श्वासनलिकेत अडकू शकतो.

## पायरी 6 : उठणं, आणि एक काम उचलणं

दहा मिनिटं म्हणालात तर दहाव्याला उठा. तो "बसा हो" म्हणाला तरी एकदा नम्रपणे उठा. दुसऱ्यांदा हात धरून बसवलं तरच पाच मिनिटं आणखी.

निघताना आपण सगळे म्हणतो, "काही लागलं तर सांगा." कुणीही सांगत नाही. मागायला बळ लागतं, आणि बळच तर संपलेलं असतं. त्याऐवजी एक ठरावीक काम, वारासकट, पुढे करा: "गुरुवारी चार ते आठ मी इथे बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा." "तपासणीचे कागद मी घेऊन येतो." "विम्याचे फॉर्म मला द्या, परवा भरून आणतो." कफर्णहूमात पक्षाघाती माणसाला घेऊन आलेल्या चौघांच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्यांनी खाट उचलली, छप्पर उसकलं आणि त्याला खाली सोडलं (मार्क 2).

सांभाळणाऱ्याला विसरू नका. रात्रीची जागरणं त्याचीच असतात. गेथशेमानेत येशूने शिष्यांजवळ मागितलं ते इतकंच, इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. तेही झोपले. एका रात्रीची पाळी घेणं तासाभराच्या गीतांपेक्षा मोठी सेवा आहे, असं माझं ठाम मत आहे. गाण्यांबद्दल नीतिसूत्रांतही ताकीद आहेच: खिन्न मनापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेणं (25:20). त्याने गायला सांगितलं तर मात्र जरूर गा.

पैसे द्यायचे असतील तर दोघांतल्या एकानेच, बंद पाकिटात, सांभाळणाऱ्याच्या हातात, नातेवाइकांच्या नजरेआड द्यावेत. पावती-हिशेब खजिनदाराकडे, चर्चा कुठेच नाही. फोटो तर मुळीच नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं सांगितलंय. आपण ते सगळ्या गटाला कळवतो.

तपासा : एकच काम कबूल केलंत ना? तीन कबूल करून दोन विसरण्यापेक्षा एक नीट करा.

## पायरी 7 : बाहेर आल्यावर जीभ सांभाळा

सगळ्यात जास्त इजा इथे होते. लिफ्टमध्ये जोडीदाराशी बोलताना, आणि मग 'प्रार्थनेचा विषय' म्हणून गटावर टाकलेल्या संदेशात. "अमुक भावासाठी प्रार्थना करा, यकृताचा त्रास, दारूचं व्यसन, बायको माहेरी." प्रार्थनेचा विषय या नावाखाली आपण चकाट्या पिटतो, हे कबूल केलेलं बरं.

फिलिप्पैकरांस पत्रात पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला होता, तरी त्याचा जीव कासावीस झाला होता तो मंडळीला त्याच्या आजाराची बातमी कळली म्हणून (2:26). आजाऱ्याला आजार तर असतोच, वर बातमीचंही ओझं असतं.

म्हणून खोलीतून निघण्याआधी विचारून घ्या: "उपासनेत नाव घेऊ का? किती सांगू?" तो जेवढं म्हणेल तेवढंच. "नावाशिवाय" म्हणाला तर नावाशिवाय. देवाला माणूस ओळखता येतो. पाळकांना काही सांगायचं असेल तर तेही त्याला विचारून.

त्याच दिवशी वहीत चार रकाने भरा: भेटीची तारीख, कबूल केलेलं काम, काय बोललं तर चाललं नाही, पुढची तारीख. आजाराचं नाव लिहू नका, वही कुठेही पडते.

एका दिवसात दोनपेक्षा जास्त भेटी घेऊ नका. तिसऱ्या घरी तुम्ही फक्त शरीराने पोहोचता. लोक बरे व्हायला गर्दी करत असताना येशूही एकांतात निघून जात असे (लूक 5:15-16), तेव्हा आपण दमलो तर त्यात कमीपणा काय?

## पायरी 8 : तिसरा आठवडा

पहिल्या आठवड्यात खाटेभोवती जागा नसते. तिसऱ्या आठवड्यात फोनही वाजत नाही. लांबलेल्या आजाराची खरी सेवा इथून सुरू होते आणि आपली वही बहुधा इथेच कोरी असते.

वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत आपल्याला तेल, द्राक्षारस आणि जखमा बांधणं आठवतं. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि सांगितलं की जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. परतीचा शब्द देऊन तो निघाला. म्हणून तारखा आधीच लिहून ठेवा: घरी सोडतात तो दिवस (त्या संध्याकाळी घरच्यांची सगळ्यात जास्त धांदल असते), टाके काढायचा दिवस, अहवाल येणार तो दिवस, आणि महिन्यानंतरचा एक साधा, बिनकारणाचा दिवस. अहवालाच्या दिवशी "काय आलं?" असं विचारू नका. "आज आठवण आली" एवढाच निरोप पाठवा. सांगायचं असेल तर तो सांगेल.

उलट टोकही आहे. शेजाऱ्याच्या घरी वरचेवर पाऊल टाकू नकोस, नाहीतर तो कंटाळून तुझा द्वेष करेल, असं नीतिसूत्रांत (25:17) स्पष्ट लिहिलंय. रोज जाण्यापेक्षा ठरल्या वारी जाणं बरं. वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला दर दुसऱ्या मंगळवारी साडेचारला कुणीतरी येतं हे माहीत असलं की सोमवारपासूनच त्याचा आठवडा हलतो. ज्या मंगळवारी जमणार नाही त्याच्या आदल्या दिवशी कळवा. न कळवता चुकवलेली एक भेट त्याच्या फार दिवस लक्षात राहते.

तो माणूस गेला तर वहीतलं पान बंद करू नका. त्याच पानावर, त्याच्या नावाखाली, सांभाळणाऱ्याचं नाव लिहा आणि पुढची तारीख टाका.